मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स ऐकायला कुठून सुरुवात करावी आणि त्यांच्या चार्टचे आकडे कसे वाचावेत

मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स हा वेल्सचा रॉक बँड. त्यांच्या रेकॉर्डची यादी पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुतेक एकच गोष्ट करतो. 'सर्वोच्च क्रमांक' (म्हणजे चार्टवर, खपाच्या साप्ताहिक यादीत, गाठलेली सगळ्यात वरची जागा) या रकान्यावर बोट ठेवतो, जिथे १ दिसेल ते आधी ऐकतो, मग २, मग ३. पुण्यातल्या माझ्या भाच्यानेही हेच केलं आणि चार दिवसांनी फोन करून म्हणाला, "मावशी, बरे आहेत गं, पण तू एवढी का वेडी आहेस त्यांच्यापायी ते कळलं नाही." कळणार कसं? त्याने आकडे वाचले होते, पण ते कोणत्या साली आणि कशाने आले ते पाहिलं नव्हतं. हा लेख त्याच्यासाठी लिहायला घेतला होता. मग वाटलं, इतरांनाही उपयोगी पडेल.

मी मूळची साताऱ्याची. वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि हा बँड इथे आल्यावरच ऐकू लागले. ही मंडळी इथून जवळच्याच ब्लॅकवुडची. ते कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव. तिथे आता रेल्वे स्टेशनही नाही, बसने जावं लागतं. जेम्स डीन ब्रॅडफील्ड गातो आणि गिटार वाजवतो, त्याचा चुलतभाऊ शॉन मूर ड्रम्सवर, निकी वायर बासवर आणि तो गाण्यांचे शब्दही लिहितो. चौथा रिची एडवर्ड्स. तो गिटार हातात धरायचा खरा, पण त्याचं खरं काम शब्दांचं. शाळेपासूनचे मित्र. बँड १९८६चा. स्टुडिओ अल्बम पंधरा, सिंगल्स (म्हणजे सुटी काढलेली गाणी) चाळिसाहून जास्त. एवढा पसारा असला की वाट दाखवणारं कुणीतरी लागतं.

आधी एक वही घ्या

मोबाइलमध्ये नको, कागदाची वही. पान आडवं धरून पाच रकाने आखा: गाण्याचं किंवा अल्बमचं नाव, महिना आणि साल, सर्वोच्च क्रमांक, ते सिंगल कोणत्या अल्बमवर आहे (किंवा कुठेच नाही), आणि शेवटचा रकाना तुमचा, ऐकून काय वाटलं त्याचा. क्रमांक ब्रिटनच्या अधिकृत चार्टचेच घ्या. अमेरिकेतले शोधत बसू नका, तिथे या बँडला कधी फारसं यश आलं नाही.

दुसऱ्या रकान्याकडे, म्हणजे सालाकडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या. साल झाकून क्रमांक वाचला तर तो हमखास फसवतो.

कारण असं. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये सिंगल म्हणजे दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू. सोमवारी नवी सिंगल्स दुकानात यायची, आठवड्याची विक्री मोजली जायची आणि रविवारी रेडिओवर चार्ट वाचला जायचा. कंपन्या एकच गाणं दोन वेगवेगळ्या सीडींवर काढायच्या, प्रत्येकीवर निराळी जास्तीची गाणी, शिवाय कॅसेट. निष्ठावान चाहता पहिल्याच आठवड्यात दोन्ही सीडी घ्यायचा. त्यामुळे गाणं एकदम वर चढायचं आणि पुढच्या आठवड्यात धाडकन खाली यायचं. म्हणजे त्या काळातला सर्वोच्च क्रमांक तुम्हाला सांगतो की त्या आठवड्यात किती माणसं दुकानाकडे धावली. गाणं पुढे किती घराघरांत गेलं, हे त्यातून कळत नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे 'मोटरसायकल एम्प्टिनेस'. जून १९९२. सर्वोच्च क्रमांक १७. आणि 'द लव्ह ऑफ रिचर्ड निक्सन', ऑक्टोबर २००४, सर्वोच्च क्रमांक २. यादी सांगते दुसरं गाणं कितीतरी मोठं. पण यांच्या कुठल्याही कार्यक्रमात उभे राहा, पहिल्या गाण्याची गिटारची ओळ सुरू झाली की अख्खी गर्दी ती तोंडाने गाते. २००४च्या सुमारास सीडी सिंगल्सची विक्री रसातळाला गेली होती आणि डाउनलोड अजून मुख्य चार्टमध्ये धरले जात नव्हते, ते एप्रिल २००५पासून धरायला लागले. थोडक्या पण पक्क्या चाहत्यांच्या जोरावर गाणं वर जाऊ शकत होतं. पुढचं सिंगल 'एम्प्टी सोल्स' जानेवारी २००५मध्ये आलं, तेही दुसऱ्या क्रमांकावर. त्याच महिन्यात एल्व्हिस प्रेस्लीची जुनी सिंगल्स नव्याने काढली जात होती आणि ती पहिल्या क्रमांकावर जात होती. यावरून बाजार किती आटला होता ते समजा. आणि ही दोन्ही सिंगल्स ज्या अल्बमवर आहेत तो 'लाइफब्लड' अल्बमच्या चार्टवर जेमतेम १३व्या क्रमांकापर्यंत गेला.

आणखी तीन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुलै २०१४पासून स्ट्रीमिंग सिंगल्सच्या चार्टमध्ये धरलं जातं, मार्च २०१५पासून अल्बमच्या चार्टमध्ये. आणि जुलै २०१५पासून चार्ट रविवारऐवजी शुक्रवारी लागतो. २०१०नंतर सिंगल्सच्या चार्टवर ही मंडळी जवळजवळ दिसेनाशी होतात, ती आधी डाउनलोडमुळे आणि मग स्ट्रीमिंगमुळे. पन्नाशीतला चाहता एक गाणं दिवसाला वीसदा स्ट्रीम करत नाही, तो अल्बम विकत घेतो. म्हणून २०१०नंतर फक्त अल्बमचे क्रमांक बघा: 'रिवाइंड द फिल्म' ४, 'फ्युचरॉलॉजी' २, 'रेझिस्टन्स इज फ्युटाइल' २, 'द अल्ट्रा व्हिव्हिड लॅमेंट' १, 'क्रिटिकल थिंकिंग' २. बँड उतरणीला लागला असं ज्याला वाटतं त्याला हे पान दाखवा.

ऐकायचा क्रम

पहिल्या अल्बमपासून सरळ रेषेत जाऊ नका. 'जनरेशन टेररिस्ट्स' (१९९२, क्रमांक १३) हा अठरा गाण्यांचा लांबलचक अल्बम आहे आणि तो काढण्याआधी ही मुलं सांगत फिरत होती की याच्या एक कोटी साठ लाख प्रती खपतील आणि मग आम्ही बँड मोडून टाकू. ती ऐट, तो गडद मेकअप, ते गिटारचे आवाज, हे सगळं प्रेमात पडल्यावर फार गोड वाटतं. आधी नाही वाटत.

सुरुवात एप्रिल १९९६पासून करा. एकच गाणं, 'अ डिझाइन फॉर लाइफ'. दुसऱ्या क्रमांकावर आलं. वर मार्क मॉरिसनचं 'रिटर्न ऑफ द मॅक' होतं, त्यामुळे पहिला क्रमांक हुकला. ते हेडफोन लावून, शब्द समोर ठेवून ऐका. पहिलीच ओळ म्हणते की वाचनालयांनी आम्हाला बळ दिलं. ती कुठून आली ते माहीत असलं की अंगावर काटा येतो. जवळच्या न्यूपोर्ट शहराच्या पिलग्वेन्ली भागात एका जुन्या वाचनालयाच्या इमारतीवर 'ज्ञान हेच बळ' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली होती. या खोऱ्यांमधल्या खाणकामगारांनी आपल्या पगारातून पैसे बाजूला काढून संस्था बांधल्या, त्यांत वाचनालयं चालवली. ब्लॅकवुडची मायनर्स इन्स्टिट्यूट अजून उभी आहे, तिथे नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. २००९मध्ये कार्डिफच्या नव्या मध्यवर्ती वाचनालयाचं उद्घाटन याच बँडच्या हस्ते झालं आणि ती ओळ तिथल्या फलकावर आहे. मी त्या वाचनालयात नेहमी जाते.

गाणं आवडलं तर त्याचाच अल्बम, 'एव्हरीथिंग मस्ट गो', मे १९९६, क्रमांक २. यातली चार सिंगल्स वहीत उतरवा: 'अ डिझाइन फॉर लाइफ' २, 'एव्हरीथिंग मस्ट गो' ५, 'केव्हिन कार्टर' ९, 'ऑस्ट्रेलिया' ७. चारही पहिल्या दहात. आणि इथे सर्वोच्च क्रमांकापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की अल्बम महिनोन्‌महिने चार्टवर टिकून राहिला. तीनदा प्लॅटिनम झाला. ब्रिटनमध्ये अल्बमच्या तीन लाख प्रतींना एक प्लॅटिनम मिळतं, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. १९९७च्या ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बँड आणि सर्वोत्कृष्ट अल्बम, दोन्ही यांनाच.

हा अल्बम ऐकताना एक गोष्ट माहीत असायला हवी. १ फेब्रुवारी १९९५ला रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला. त्याची गाडी सेव्हर्न नदीवरच्या पुलाजवळ सापडली, तो सापडला नाही. २००८च्या नोव्हेंबरात कायद्याने त्याला मृत मानण्यात आलं. 'एव्हरीथिंग मस्ट गो' हा उरलेल्या तिघांचा पहिला अल्बम, पण त्यातल्या पाच गाण्यांत रिचीचे शब्द आहेत. 'केव्हिन कार्टर' त्यांतलंच एक, दक्षिण आफ्रिकेच्या छायाचित्रकारावरचं. 'स्मॉल ब्लॅक फ्लॉवर्स दॅट ग्रो इन द स्काय' दुसरं, फक्त गिटार आणि हार्पवर, प्राणिसंग्रहालयातल्या कोंडलेल्या जनावरांबद्दल. ते दोनदा ऐका.

या बँडमध्ये शब्द आधी लिहिले जातात आणि मग ब्रॅडफील्ड त्यांना चाल लावतो. आपल्याकडे कवीची कविता संगीतकाराकडे जावी आणि तिचं भावगीत व्हावं, तसंच. म्हणून काही ओळींत अक्षरं मावत नाहीत, तो ती ओढतो, दामटतो, मध्येच श्वास घेतो. पहिल्यांदा ते खटकतं. शब्द समोर धरलेत तर नाही खटकणार.

मग सप्टेंबर १९९८चा 'धिस इज माय ट्रुथ टेल मी युवर्स'. पहिला क्रमांक, हाही तीनदा प्लॅटिनम. अल्बमचं नाव अन्यूरिन बेव्हनच्या वाक्यावरून घेतलं आहे. बेव्हन ट्रेडेगरचा, ब्लॅकवुडपासून थोडक्या अंतरावरचा, खाणीत काम केलेला माणूस. मंत्री झाल्यावर त्यानेच ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी केली. त्या सेवेत मी नोकरी करते, रोज औषधं मोजून देते, त्यामुळे हा अल्बम हातात घेताना मला बेव्हनची आठवण येतेच. यातलं 'इफ यू टॉलरेट धिस युवर चिल्ड्रन विल बी नेक्स्ट' हे त्यांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं सिंगल. विषय काय, तर स्पेनचं यादवी युद्ध आणि तिथे फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेलेले वेल्सचे कामगार. असं गाणं त्या आठवड्यात देशात सगळ्यात जास्त विकलं गेलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

दुसरं पहिल्या क्रमांकाचं सिंगल शोधाल तर ते कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर सापडणार नाही. 'द मासेस अगेन्स्ट द क्लासेस', जानेवारी २०००. ते बाजारात आलं त्याच दिवशी कंपनीच्या यादीतून काढून टाकलं, म्हणजे दुकानात आहेत तेवढ्याच प्रती. वेस्टलाइफ या पॉप गटाला खाली खेचून ते एक आठवडा वर राहिलं. चौथ्या रकान्यात इथे 'कुठेच नाही' लिहा. असा रिकामा रकाना दिसला की समजा, सिंगल वेगळं मिळवावं लागेल किंवा निवडक गाण्यांच्या संग्रहात शोधावं लागेल.

आता मागे जा, पण जपून

१९९६ आणि १९९८ पचले की १९९४ला या. 'द होली बायबल', ऑगस्ट १९९४, क्रमांक ६. कार्डिफमधल्या एका साध्या, स्वस्त स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. त्याच आठवड्यात ओएसिस या बँडचा पहिला अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. सगळा देश त्या उल्हासात असताना हे चौघे अन्नत्याग, छळछावण्या, देहविक्रय यांवर गात होते. चार्टवर तो फार काळ टिकला नाही. आज मात्र बँडचं नाव निघालं की जाणकार आधी हाच अल्बम काढतात. तीन सिंगल्स: 'फास्टर' १६, 'रेव्हॉल' २२, 'शी इज सफरिंग' २५. या तीन आकड्यांवरून अल्बमची उंची कुणालाही ताडता येणार नाही.

मनापासून सांगते, मन खचलेलं असेल तेव्हा हा अल्बम लावू नका. यातले बरेचसे शब्द रिचीचे आहेत आणि ते एका आजारी, अतिशय हुशार माणसाचे आहेत. दिवसा ऐका, अर्धा अर्धा ऐका, कुणाशी तरी बोला त्यावर. 'फास्टर'पासून सुरू करा, त्यात जोर आहे, माणूस उभा राहतो.

त्यानंतर लगेच २००९च्या 'जर्नल फॉर प्लेग लव्हर्स'वर उडी मारा. मधली पंधरा वर्षं सोडून द्या. बेपत्ता होण्याच्या काही आठवडे आधी रिचीने मित्रांकडे कागदांची एक फाइल दिली होती. या अल्बमचे सगळे शब्द त्या फाइलमधले. क्रमांक ३. सिंगल एकही काढलं नाही, म्हणून सिंगल्सच्या यादीत या अल्बमची खूणसुद्धा नाही. फक्त सिंगल्सच्या यादीवरून बँड ऐकणाऱ्याला असा अल्बम अस्तित्वात आहे हेच कळत नाही. दोन्ही अल्बमच्या मुखपृष्ठांवर जेनी सॅव्हिलची चित्रं आहेत, शेजारी ठेवून बघा.

आता पहिला अल्बम. इथे वहीत एक गंमत दिसेल. 'यू लव्ह अस' दोनदा येतं. १९९१ला छोट्या हेवनली कंपनीकडून, क्रमांक ६२. १९९२ला मोठ्या कंपनीकडे गेल्यावर नव्याने रेकॉर्ड करून, क्रमांक १६. नाव तेच, रेकॉर्डिंग वेगळं. दोन्ही ऐका, मला पहिलं जास्त आवडतं. पहिल्या दहात ते पहिल्यांदा गेले ते सप्टेंबर १९९२मध्ये, सातव्या क्रमांकावर, आणि गाणं त्यांचं नव्हतंच: 'मॅश' चित्रपटाचं शीर्षकगीत, एका संगीत साप्ताहिकाच्या संग्रहासाठी गायलेलं. 'गोल्ड अगेन्स्ट द सोल' (१९९३, क्रमांक ८) मधलं 'ला ट्रिस्टेस दुरेरा' तेवढं ऐका, उरलेला अल्बम नंतर.

'नो युवर एनिमी' (मार्च २००१, क्रमांक २) साठी निराळा सल्ला. तेव्हा त्यांनी एकाच दिवशी दोन सिंगल्स काढली, 'सो व्हाय सो सॅड' आणि 'फाउंड दॅट सोल'. ती लागोपाठ ८ आणि ९ क्रमांकावर आली. मते फुटली म्हणा हवं तर. त्याआधी फेब्रुवारीत हवानाच्या कार्ल मार्क्स थिएटरमध्ये कार्यक्रम केला, त्याला फिडेल कॅस्ट्रो हजर होते. अल्बम मात्र विस्कळीत वाटतो, कारण मुळात ते दोन वेगळे अल्बम व्हायचे होते. २०२२ला तो तसा दोन भागांत पुन्हा मांडून काढला, एक शांत, एक आक्रमक. नव्या माणसाने २०२२चीच मांडणी ऐकावी.

'सेंड अवे द टायगर्स' (२००७, क्रमांक २) सोपा आहे, पाहुणे घरात असतानाही चालतो. त्यातलं गायिका नीना पेर्सनसोबतचं 'युवर लव्ह अलोन इज नॉट इनफ' दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आणि 'फ्युचरॉलॉजी' चुकवू नका.

विकत घेताना

कार्डिफमध्ये स्पिलर्स नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे, १८९४पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं म्हणून त्याची ख्याती. इथे आलात तर जाच. पण या बँडच्या सीडी धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतही भरपूर मिळतात, कारण नव्वदच्या दशकात त्या लाखोंनी खपल्या. 'धिस इज माय ट्रुथ' तर जवळजवळ प्रत्येक टोपलीत असतो.

तोच अल्बम घेताना सावध राहा. २०१८च्या वीस वर्षांच्या आवृत्तीत 'नोबडी लव्ह्ड यू' हे गाणं काढून त्या जागी 'प्रोलॉग टू हिस्टरी' घातलं आहे. ते मुळात 'इफ यू टॉलरेट धिस'च्या मागे दडलेलं जास्तीचं गाणं. माझ्या मते ते मूळ अल्बमवरच असायला हवं होतं, तरी 'नोबडी लव्ह्ड यू' गमावून नव्हे. जुनी सीडी घ्या आणि 'प्रोलॉग टू हिस्टरी' वेगळं मिळवा.

'होली बायबल'ची २००४ची दहा वर्षांची आवृत्ती मिळाली तर सोडू नका. तिच्यात अमेरिकेसाठी केलेलं वेगळं मिक्सिंगही आहे आणि ते कित्येकांना मूळपेक्षा सरस वाटतं.

निवडक गाण्यांचा एकच संग्रह घ्यायचा असेल तर 'फॉरेव्हर डिलेड' (२००२) नको. त्यात काही गाणी कापून छोटी केली आहेत. २०११चा 'नॅशनल ट्रेझर्स' घ्या: दोन सीडी, ३८ सिंगल्स, काळाच्या क्रमाने लावलेली. वही समोर ठेवून तो सलग ऐकता येतो, प्रत्येक गाण्याला तुमच्या रकान्यात त्याची ओळ सापडते. आणि सिंगल्सच्या मागच्या बाजूची गाणी आवडायला लागली की २००३चा 'लिपस्टिक ट्रेसेस' शोधा. एक सीडी त्या दडलेल्या गाण्यांची, दुसरी त्यांनी गायलेल्या इतरांच्या गाण्यांची. पहिली आधी लावा. दुसरीची घाई नाही.